पाठीची जागा

वायरमनने ड्रिल सुरू केलं तसा दारावरच्या भिंतीतून चुन्याचा भुगा भसाभस खाली आला. आत्याने फरशी नुकतीच पुसली होती. हातातलं ओलं फडकं नाकाशी धरून ती थेट स्टुलाखाली जाऊन उभी राहिली. भुगा अंगावर झेलला तर फरशी तरी वाचेल, असा तिचा हिशोब.

"आत्या, बाजूला व्हा हो. डोळ्यांत जाईल."

"गेला तर गेला. तू भोक तेवढं सरळ पाड. मागच्या वर्षी पंखा लावलास, तो अजून वाकडा फिरतोय."

वायरमन हसला. सुरक्षा खात्याचे साहेबही हसले, पण जरा उशिरा, विनोद तपासून घेतल्यासारखे. साहेब साध्या कपड्यांत होते. कोणी न सांगता त्यांनी बूट पायऱ्यांवर काढून ठेवले होते. घड्याळ ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत, त्यामुळे वेळ बघायची झाली की तळहात वर करून बघत. आत्याला ती लकब मजेशीर वाटली. काहीतरी मागायला हात पुढे करावा, तसं ते दिसायचं.

कॅमेरा काही उगाच आला नव्हता. महिन्याभरापूर्वी प्रार्थनाघराच्या खिडक्यांवर दगड आले. काचा फुटल्या, वाती सारख्या करायला बसलेल्या एका म्हातारीच्या कपाळाला खोक पडली. आत्याचा थोरला भाऊ प्रार्थनाघराचा प्रमुख. त्याला सगळे दादा म्हणत. तो स्वतः जाऊन संरक्षण मागून आला. दगड मारणारे काही सापडले नाहीत. संरक्षण मात्र वेळेवर हजर झालं: पायऱ्यांशी एक हवालदार, आणि आत हा कॅमेरा.

"साहेब, एक विचारू?" आत्या म्हणाली. "दगड बाहेरून आले. मग याचं तोंड आत कसं?"

"बाहेर हवालदार आहे ना, मावशी."

दादाने बहिणीकडे डोळे वटारले. आधी हातापाया पडून मागायचं आणि दिल्यावर खुसपटं काढायची, हे त्याला पटत नव्हतं. दादापुढे ती नेहमीच गप्प बसायची, आणि मग मागाहून बोलायची.

साहेब हॉलभर फिरले. भिंती कोऱ्या, कोपऱ्यात एक दिवा, जमिनीवर चटया. दारापाशी खुंट्यांवर पांढरी कापडं टांगलेली, त्यांतल्या काहींना निळे काठ होते.

"ही निळी?"

"पाहुण्यांची. रस्त्याने येताना डोक्यावर कापड घ्यायचं, आत आलं की उतरवायचं. आत चेहरा उघडा. ज्याच्याकडे नसेल त्याने ते निळ्या काठाचं घरी न्यावं, पुढच्या वेळी घेऊन यावं. पाहुण्याचं अडू नये."

"आणि या चटया दाराकडे तोंड करून कशा? सगळीकडे लोक समोरच्या भिंतीकडे बघतात."

झालं. आत्याला एवढंच हवं होतं. दाराशी येऊन कोणी विचारलं तर त्याला सांगितल्याशिवाय पाठवू नये, असा त्यांच्यात नियमच होता, आणि आत्याइतक्या आनंदाने तो नियम दुसरं कोणी पाळत नसेल.

"येणाऱ्याला आमच्या पाठी दिसू नयेत, चेहरे दिसावेत, म्हणून. आणि जो सगळ्यांत शेवटी येतो ना, तो इथे बसतो. या उंबऱ्यावर. आमच्याकडे तोंड, रस्त्याकडे पाठ. ही पाठीची जागा. ती भरल्याशिवाय प्रार्थना सुरू होत नाही."

"म्हणजे उशिरा आल्याची शिक्षा?"

"शिक्षा कसली? मान आहे तो! पूर्वी आमच्या माणसांच्या मागे लोक हात धुऊन लागायचे म्हणे. बाहेरून काठी आली, दगड आला, तर तो आधी त्या पाठीवर. शेवटी येणारा सगळ्यांना आपली पाठ देतो."

"आणि त्याच्याही नंतर कोणी आलं तर?"

"तर तो मागून याच्या खांद्यावर हात ठेवतो. म्हणतो, मी शेवटचा. मग हा म्हणतो, आत सरतो. उठून आमच्यात येऊन बसतो. पाठीची जागा नव्याची."

"मागे वळून बघत नाही? कोण आहे ते?"

"बघायचं नसतं, साहेब. हात ओळखायचा नसतो, मानायचा असतो."

"परका असला तर?"

"हात ठेवल्यावर परका कसला?"

दादाने मान डोलवली. बहीण कधी नव्हे ते नेमकं बोलली होती. साहेबांनी उंबऱ्याकडे बघितलं, मग वर भिंतीतल्या भोकाकडे, मग पुन्हा उंबऱ्याकडे.

"छान आहे," ते म्हणाले. "फार छान."

*

कॅमेऱ्याला मसुराच्या दाण्याएवढा लाल दिवा होता. पहिल्या वारी, म्हणजे आठवड्याच्या प्रार्थनेच्या दिवशी, त्याची सगळ्यांना गंमत वाटली. बायकांनी केस सारखे केले. "नीट बसा रे, आता वरच्याबरोबर साहेबपण बघतायत," असं कोणीतरी म्हणालं आणि प्रार्थना सुरू व्हायच्या आधी हॉलभर हशा पिकला. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने हसला तो गल्लीत घड्याळ-दुरुस्तीचं दुकान असलेला घड्याळवाला.

पुढच्या आठवड्यात घड्याळवाल्याला चौकशीला बोलावणं आलं. गेला तो लगेच आला नाही. आला तेव्हा त्याने दुकान उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि काम करायला बसला. अंगावर कुठे ओरखडा नव्हता. फक्त बोलायचा बंद झाला होता. दुकानातली सगळी घड्याळं चालू असायची आणि कोणी वेळ विचारली तरी हा पठ्ठ्या मान वर करायचा नाही. आत्या त्याच्याकडे रफू केलेला कोट घेऊन गेली, अर्धा तास बसली. उठताना तो एवढंच म्हणाला, "ते सारखं विचारत होते, तो न दिसणारा कोण?"

"कोण न दिसणारा?"

"उंबऱ्यावरचा. कॅमेरा बरोबर त्याच्या डोक्यावर येतो. त्याचं कापडही उतरत नाही, अर्धा रस्त्यात ना तो. म्हणाले, सगळे दिसतात, एक दिसत नाही. म्हणजे तोच तुमचा म्होरक्या. मी सांगितलं, दर वेळी वेगळा असतो हो. त्यांना खरं वाटलं नाही."

ही गोष्ट बाहेर फुटायला दिवस लागला नाही. आणि तिचा परिणाम झाला तो असा, की शहाण्या माणसाने हसावं की रडावं कळू नये. सगळ्यांना एकदम उमगलं की अख्ख्या प्रार्थनाघरात चेहरा लपेल अशी एकच जागा आहे, आणि ती शेवटी येणाऱ्याला मिळते. मग काय! जन्मभर वेळेवर आलेली माणसं उशीर करायला लागली. शिकवणीचे मास्तर आधी पाच मिनिटं उशिरा आले, मग पंधरा. पाववाल्याची बायको मास्तर गेल्याशिवाय घरातून निघेना आणि मास्तर ती गेल्याशिवाय. एकदा तर दोन सख्खे साडू गल्लीच्या तोंडाशी भेटले आणि "तुम्ही व्हा पुढे," "छे छे, तुम्ही व्हा," करत उभे राहिले ते दिवेलागणीपर्यंत. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची होती आणि सगळ्यांना शेवटचा उंदीर व्हायचं होतं.

दादाची पाठ धरली. तो अंथरुणातून उठेना. "तू बघ आता," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. आत्याला ते लागलं. पण आजाऱ्याला काय बोलणार?

मागच्या वारी ती हॉलमध्ये एकटी बसून राहिली. कोणी आत पाऊल टाकलं नाही. प्रार्थना झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी साहेब तिच्या खोलीत आले. प्रार्थनाघराच्या मागे आत्याची दोन खोल्यांची जागा होती. पुढच्या खोलीत ती रफूचं काम करायची. साहेब खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. ती सुईत दोरा ओवत होती आणि दोरा काही केल्या जाईना.

"आणा इकडे," साहेब म्हणाले. सुई उजेडाकडे धरली, एका दमात दोरा ओवला, गाठ मारून परत दिली. "मावशी, काल प्रार्थना झाली नाही म्हणे."

"साहेब, तुमच्या त्या लाल डोळ्याला लोक घाबरतात. तो काढा. भीक नको, पण कुत्रं आवर, अशी गत झालीय आमची."

"कॅमेरा तुमच्या भल्यासाठी आहे. मागणी तुमचीच होती." साहेबांच्या आवाजात राग नव्हता. तिला वाटलं, असता तर बरं झालं असतं. "अडचण एका माणसाची आहे. दार लावून घेतलं आणि त्यालाही आत बसवलं, तर?"

"दार लावून आमची प्रार्थना होत नाही."

"मग राहू द्या. कोणाच्या उपासनेत ढवळाढवळ करायचा आम्हाला अधिकार नाही. कायदाच आहे तसा." त्यांनी तळहात वर करून वेळ बघितली. "फक्त एक. वापरात नसलेल्या वास्तूला पहारा देता येत नाही. पहारा नाही म्हणजे धोका. आणि धोका असेल तिथे सील लावावंच लागतं. येत्या वारी पुन्हा रिकामं राहिलं तर माझा नाइलाज होईल, मावशी."

ते गेल्यावर आत्याने त्यांनी ओवलेला दोरा सुईतून ओढून काढला आणि पुन्हा स्वतः ओवायला बसली. अर्धा तास गेला त्यात.

*

आत्याचा मुलगा सोन्या तिशीचा बाप्या झाला होता, पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होता, बायकोला सातवा महिना होता. तरी आईसाठी तो सोन्याच. वाराच्या सकाळी तो दाराशी बसून बुटांना पॉलिश करत होता. एकच बूट पुन्हा पुन्हा घासत होता.

"झाला की तो चकचकीत," आत्या म्हणाली. "आता दुसऱ्यालाही थोडं दे."

"आई, साहेबांनी काल बोलावलं होतं. आमच्या साहेबांनी. म्हणाले, कायम करायची वेळ जवळ आलीय. तुमच्या घरचं सगळं साफ आहे ना?"

"मग सांगायचं, रोज पुसते आई."

"थट्टा नको गं."

आत्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. सोन्या बुटाकडेच बघत होता.

"मी येईन आज," तो म्हणाला. "येणार नाही असं नाही. पण शेवटी येईन."

"अरे, सगळेच शेवटी येणार म्हटल्यावर पहिला कोण?"

"तू असशीलच की."

"मी एकटी प्रार्थना करू? पाठीच्या जागेवर कोणी नको?"

त्याने ब्रश पुन्हा त्याच बुटावर फिरवला. आतून सूनबाईने खोकल्यासारखं केलं. ती ऐकत होती. आत्याला एकदम त्या दोघांची फार दया आली, आणि स्वतःचा रागही. ते सगळं उंबऱ्याचं पुराण त्या माणसाला सांगायला हिलाच कोणी आवतण दिलं होतं? जिभेला हाड नाही ते नाहीच.

"सोन्या," ती म्हणाली, "सील लागलं की ते दार पुन्हा उघडत नसतं. तुझं पोर येईल, त्याला मी काय दाखवू? कुलूप?"

"मी काय करू मग? सांग ना! काय करू?"

हे तो जवळजवळ ओरडलाच. मग खिडकीकडे बघून आवाज खाली आणला. घरात आवाज खाली आणायची सवय त्यांना अलीकडेच लागली होती.

*

दुपार कलली तेव्हा आत्या हॉलमध्ये जाऊन पहिल्या चटईवर बसली. कापड उतरवून मांडीवर ठेवलं. समोर उघडं दार, दारावर लाल दिवा, दारातून दिसणारी गल्ली.

आणि गल्लीत सगळे होते. मास्तर पाववाल्याच्या दुकानासमोर उभे राहून पाव निवडत होते. पाव काय निवडायचा असतो? साडू बसथांब्यावर होते. एक बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली. साडू आपले तिथेच. घड्याळवाल्याने दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं होतं आणि शटरखाली त्याचे पाय तेवढे दिसत होते. दूर, खांबाशी वाकून, सोन्या बुटाची नाडी बांधत होता. बांधून झाली की सोडत होता.

हवालदार पायऱ्या चढून दारापर्यंत आला. गुडघेदुखीचा माणूस, वाईट नव्हता. आत्या त्याला रोज पाणी द्यायची.

"मावशी, कोणी नाही का आज?"

"येतील."

"माझी ड्यूटी संपेपर्यंत आले तर बरं." तो जरा घुटमळला. "मला जे दिसेल तेच सांगावं लागतं हो. काय करणार."

"तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? उन्हात उभे राहू नका, सावलीला व्हा."

तो खाली गेला. पायऱ्यांवरचं ऊन एकेक पायरी करून उतरत होतं. आत्याने पुन्हा खांबाकडे बघितलं. नाडी बांधणारा हात थांबला होता. सोन्या सरळ तिच्याकडेच बघत होता, एवढ्या लांबूनही ते कळत होतं, आणि त्याचा पाय काही उचलत नव्हता.

मग तिच्या डोक्यात आलं. इतकं सोपं होतं, की आधी कसं सुचलं नाही याचं तिलाच नवल वाटलं.

ती उठली. कापड पुन्हा डोक्यावर घेतलं, दारापाशी आली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली. तोंड आत, पाठ रस्त्याकडे. पाठीची जागा भरली. आता जो कोणी येईल तो तिच्या खांद्यावर हात ठेवेल, आणि तिला आत सरावं लागेल. येणारा आपोआप शेवटचा ठरेल. भिऊ नकोस रे, ती मनात म्हणाली. दिसेन ती मी दिसेन. तू फक्त ये.

रिकाम्या चटया तिच्याकडे बघत होत्या. मागे वळायचं नव्हतं. आयुष्यात ती कित्येकदा या जागेवर बसली होती, पण पाठ म्हणजे एवढी मोठी, एवढी उघडी जागा असते हे तिला आज कळलं. बस आल्याचा आवाज आला. कोणीतरी शिंकलं. पायऱ्यांवर पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली.

खांद्यावर हात पडला. बोटं गार होती आणि त्यांना बूट पॉलिशचा वास येत होता.

"मी शेवटचा," सोन्या म्हणाला.

"आत सरते," आत्या म्हणाली.

ती पहिल्या चटईवर जाऊन बसली, कापड उतरवलं आणि लाल दिव्याकडे मान वर करून नीट बघून घेतलं. बघ बाबा, बघायचं तेवढं. उंबऱ्यावर सोन्या बसला होता. कापड त्याने कपाळाच्या खाली ओढलं होतं. तिने प्रार्थनेचे पहिले शब्द म्हटले. त्याने पुढचे म्हटले. दोनच आवाज, पण प्रार्थना सुरू झाली. आता रिकामं होतं असं कोणाला सांगता आलं नसतं. आत्याचे डोळे भरून आले.

सोन्याच्या डोक्यावरून तिला गल्ली दिसत होती. मास्तरांनी हातातला पाव खाली ठेवला होता. साडू बसथांब्यावरून उठले होते. घड्याळवाल्याचं शटर हातभर वर गेलं होतं. सगळे दाराकडे बघत होते.

आणि त्यांच्या आधी, भिंतीच्या कडेने, एक जण पायऱ्या चढून वर आला. डोक्यावर निळ्या काठाचं कापड होतं, पुढे ओढलेलं. चेहरा दिसत नव्हता. बूट त्याने खालीच काढले होते. तो सोन्याच्या मागे येऊन उभा राहिला, आणि त्याने हात पुढे केला. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ होतं.

आत्याचे शब्द तोंडातच राहिले.

हात सोन्याच्या खांद्यावर टेकला. सोन्या दचकला. त्याने मागे बघितलं नाही. लहानपणी तिनेच त्याला शिकवलं होतं, बघायचं नसतं. त्याने आईकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते तिला सगळं वाचता आलं: नोकरी, सूनबाई, वरचा लाल दिवा. नको म्हण, तिला ओरडायचं होतं. उठू नकोस. पण हात मानायचा असतो असं सांगणारी तीच, आणि ओरडून सांगणार तरी काय? की आमच्या दाराशी परका असतो?

"मी शेवटचा," मागून आवाज आला. हळू, स्वच्छ. पाठ केल्यासारखा.

सोन्याने श्वास घेतला.

"आत सरतो," तो म्हणाला.

तो उठला. चार पावलं चालून आत आला, आईच्या शेजारी बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने डोक्यावरचं कापड उतरवलं. मान वर केली. लाल दिवा त्याच्या डोळ्यांत दिसत होता. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झाला होता. तो तिच्या कानाशी झुकला.

"आई, बघितलंस? कोणीतरी आलं."

आत्याने त्याचा हात घट्ट धरला. उंबऱ्यावर साहेब मांडी घालून बसले होते. निळ्या काठाखालून ते दोघांकडे बघत होते. सोन्याला ते ओळखू आले नव्हते. त्याने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. गल्लीत मास्तर एक पाऊल पुढे आले होते ते तसेच थबकले होते. बाहेरच्यांना फक्त पाठ दिसत होती. कोणाची, ते कसं कळणार?

"चालू द्या," साहेब म्हणाले.

आत्या उठली.

"आई?"

"बस तू. म्हणत राहा. थांबू नकोस."

तिने कापड डोक्यावर घेतलं आणि दारापाशी आली. साहेबांनी गुडघा बाजूला करून तिला वाट दिली, अगदी अदबीने. त्यांना वाटलं असावं, म्हातारी घाबरून चालली. ती उंबरा ओलांडून बाहेर आली. पायरी अजून तापलेली होती, अनवाणी पायांना चटका बसला. दोन पायऱ्या उतरून ती मागे फिरली, पुन्हा चढली, आणि निळ्या काठाच्या कापडाखालच्या खांद्यावर तिने हात ठेवला.

"मी शेवटची," ती म्हणाली.

खांदा हलला नाही. उत्तर त्यांना माहीत होतं, तिनेच तर सांगितलं होतं. आत सोन्याचा एकट्याचा आवाज चालू होता. एका ओळीवर अडखळला, पुन्हा सुरू झाला.

"मावशी," साहेब मागे न बघता, हळूच म्हणाले, "इथलं कॅमेऱ्यात काही दिसत नाही, बरं का."

"माहीत आहे," आत्या म्हणाली. "आत सरा, साहेब."

तिने हात उचलला नाही. तिच्या मागे गल्ली एकदम शांत झाली होती. बसचा आवाज नाही, शटरचा नाही. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. ती मास्तरांची होती की हवालदाराची, एकाची होती की अनेकांची, ते तिला कळेना. पावलं तिच्या अगदी मागे येऊन थांबली.

तिच्या खांद्यावर एक हात पडला. जड होता. शब्द अजून आले नव्हते.

आत्याने मागे वळून पाहिलं नाही.